परिचर्येच्या अभ्यासक्रमात व्यक्तीचे स्थान

दक्षिण बेंगळुरूमधील जयनगर ही १९४८ साली आखली गेलेली वसाहत रुंद रस्त्यांसाठी आणि दाट सावलीसाठी ओळखली जात असली, तरी आरोग्यशिक्षणाच्या नकाशावर तिचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. तिच्या चौथ्या ‘टी’ ब्लॉकमध्ये राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असून १९९६ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाशी कर्नाटकातील शेकडो नर्सिंग महाविद्यालये संलग्न आहेत. त्याच ब्लॉकमध्ये जयनगरचे सरकारी सामान्य रुग्णालय आहे, पूर्वेच्या कडेला अपघात व अस्थिरोगांसाठीची संजय गांधी संस्था आहे, नवव्या ब्लॉकमध्ये हृदयरोगांसाठीची जयदेव संस्था आहे, आणि जवळच्या होसूर रस्त्यावर मानसिक आरोग्याची निम्हान्स व कर्करोगाची किडवाई या दोन मोठ्या संस्था आहेत. परीक्षा आणि नियम जेथे ठरतात ती जागा आणि त्या नियमांची खरी कसोटी जेथे लागते ती रुग्णाची खाट, यांच्यातील अंतर देशात फार थोड्या ठिकाणी इतके कमी असेल. त्यामुळे पदवीपूर्व नर्सिंगचा अभ्यासक्रम व्यक्तिकेंद्री कसा करावा, हा जगभर चर्चिला जाणारा प्रश्न जयनगरच्या संदर्भात तपासून पाहणे उपयोगाचे ठरते.

व्यक्तिकेंद्री परिचर्या म्हणजे रुग्णाशी गोड बोलणे, असा एक सोपा समज आहे आणि तो अपुरा आहे. आजार, शस्त्रक्रिया किंवा खाट यांच्या आधी तेथे एक माणूस आहे, त्याला स्वतःच्या आयुष्याविषयी मते आहेत, नाती आहेत, भीती आहे, आणि उपचाराचे निर्णय त्याच्या या साऱ्या जगण्याशी जुळवून घ्यावे लागतात, हे तत्त्व या कल्पनेच्या मुळाशी आहे. मानसोपचाराच्या क्षेत्रात कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये, मदत मागणाऱ्याच्या स्वतःच्या समजुतीला केंद्रस्थानी ठेवणारी पद्धत मांडली. हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच परिचर्येचा गाभा आहे असे प्रतिपादन केले. आणि ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयी लिहिताना असे दाखवले की माणसाचे व्यक्तित्व त्याच्या स्मरणशक्तीवरच अवलंबून नसते, तर भोवतालची माणसे त्याला ओळख, आदर आणि विश्वास देतात की नाही यावरही ते टिकते किंवा झिजते. किटवुड यांचे हे म्हणणे परिचर्येच्या दृष्टीने फार गंभीर आहे, कारण त्याचा अर्थ असा होतो की निष्काळजी वागणुकीने परिचारिका रुग्णाचे व्यक्तित्व प्रत्यक्षात कमी करू शकते, आणि जाणीवपूर्वक वागणुकीने ते सावरूही शकते.

या विचारांना परिचर्येच्या चौकटीत बसवण्याचे काम उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठाशी संबंधित ब्रेंडन मॅककॉर्मॅक आणि तान्या मॅककान्स यांनी केले. त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात चार स्तर आहेत. पहिल्या स्तरात परिचारिकेची स्वतःची तयारी येते, म्हणजे तिचे व्यावसायिक कौशल्य, संवादाची हातोटी, कामाविषयीची निष्ठा आणि स्वतःच्या मूल्यांची जाण. दुसरा स्तर वॉर्डच्या वातावरणाचा आहे, ज्यात मनुष्यबळ, सहकाऱ्यांचे संबंध आणि निर्णयाचे अधिकार मोडतात. तिसऱ्या स्तरात प्रत्यक्ष परिचर्येच्या प्रक्रिया आहेत : रुग्णाच्या श्रद्धा व मूल्ये जाणून काम करणे, निर्णयात त्याला सहभागी करणे, त्याच्या दुःखाजवळ सहानुभूतीने थांबणे. चौथा स्तर या सर्वांच्या परिणामांचा आहे. या आराखड्याची ताकद अशी की तो सगळा भार परिचारिकेच्या चांगुलपणावर टाकत नाही. वॉर्डची व्यवस्था माणसाला माणूस म्हणून पाहू देणारी नसेल, तर एकटीदुकटी सहृदय परिचारिका थकून जाते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. पुढे युरोपातील काही विद्यापीठांनी एकत्र येऊन याच आधारावर आरोग्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमाची तत्त्वे २०२० च्या सुमारास मांडली, आणि त्यांतील एक मुद्दा भारतीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे : विद्यार्थ्यालाच जर महाविद्यालयात व्यक्ती म्हणून वागवले जात नसेल, तर त्याने रुग्णाला व्यक्ती म्हणून वागवावे अशी अपेक्षा पोकळ ठरते.

भारतात १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचे पदवी शिक्षण सुरू झाले, आणि १९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या भारतीय परिचर्या परिषदेकडे देशभराच्या अभ्यासक्रमाचे नियमन आले. या परिषदेची बी.एस्सी. नर्सिंगची सुधारित नियमावली जुलै २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाली. तिने वार्षिक परीक्षेची जुनी पद्धत बाजूला ठेवून आठ सत्रांची आणि श्रेयांकांची पद्धत आणली. शेवटचे वगळता प्रत्येक सत्र २० आठवड्यांचे, आठवड्याला ४० तासांचे, आणि शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, ज्याचे एकूण तास १०५६ होतात. पदवीधर परिचारिकेकडे असाव्यात अशा दहा मूलभूत क्षमता या नियमावलीत दिल्या असून त्या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात तयार झालेल्या एका आराखड्यावर आधारलेल्या आहेत. त्यांत पहिलीच क्षमता रुग्णकेंद्री परिचर्येची आहे. संवाद, सुरक्षितता, सांघिक काम, पुराव्यावर आधारलेली परिचर्या, व्यावसायिकता अशा क्षमता त्यानंतर येतात. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय पहिल्या सत्रातच आहेत, व्यावसायिक मूल्ये व नीतिशास्त्र यांना स्वतंत्र स्थान आहे, आणि असाध्य आजारातील वेदनाशामक परिचर्येसाठी, म्हणजे ज्याला सर्वत्र पॅलिएटिव्ह केअर म्हटले जाते त्यासाठी, वेगळा घटक ठेवलेला आहे.

ही नियमावली जयनगरमधील विद्यापीठाला जशी लागू आहे, तशीच नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठालाही लागू आहे, त्यामुळे येथे जे बेंगळुरूविषयी लिहिले जात आहे ते सोलापूर, नांदेड किंवा रत्नागिरीच्या नर्सिंग महाविद्यालयालाही बहुतांशी लागू पडते. कागदावर पाहता हा आराखडा आधीच्यापेक्षा निश्चित पुढे आहे, आणि हे मान्य करूनच त्याच्या उणिवांकडे वळले पाहिजे. क्षमतांच्या यादीत रुग्णकेंद्री परिचर्या पहिली आली म्हणून अभ्यासक्रम व्यक्तिकेंद्री होत नाही. अभ्यासक्रमाची खरी दिशा यादीपेक्षा तीन गोष्टींवरून कळते : विद्यार्थ्याचे वॉर्डमधील तास कसे वाटले जातात, त्याच्या कोणत्या कामाला गुण मिळतात, आणि शिकवणारी माणसे त्याच्याशी कशी वागतात.

यांतील पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. रुग्णालयात काम वाटण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत कामे वाटली जातात : एका विद्यार्थिनीने सगळ्या वॉर्डचे रक्तदाब आणि तापमान नोंदवायचे, दुसरीने सगळ्यांना इंजेक्शने द्यायची, तिसरीने ड्रेसिंग करायचे. दुसरीत रुग्ण वाटले जातात : एका विद्यार्थिनीकडे दोन किंवा तीन रुग्ण, आणि त्यांची अंघोळ, औषधे, जखम, आहार, भीती, घरी जाण्याची तयारी हे सगळे तिच्याकडे. पहिल्या पद्धतीत काम लवकर उरकते आणि हात लवकर सराईत होतो, म्हणून गर्दीच्या सरकारी रुग्णालयांत ती टिकून आहे; पण चाळीस माणसांचा रक्तदाब मोजणाऱ्या विद्यार्थिनीला त्या चाळिसांपैकी एकाचीही गोष्ट कळत नाही. संजय गांधी संस्थेसारख्या अपघात रुग्णालयात मांडीचे हाड मोडलेला, रायचूर किंवा कलबुर्गीकडून बांधकामावर मजुरीसाठी आलेला एखादा रुग्ण असतो असे समजू. कामे वाटण्याच्या पद्धतीत तो सकाळी तापमान, दुपारी ड्रेसिंग आणि रात्री इंजेक्शन एवढाच उरतो. रुग्ण वाटण्याच्या पद्धतीत मात्र विद्यार्थिनीला हे समजण्याची शक्यता निर्माण होते की त्याची खरी चिंता पायापेक्षा बुडणाऱ्या मजुरीची आहे, त्याचे कुटुंब बांधकामाच्या जागेवरच पत्र्याच्या खोलीत राहते, तेथे भारतीय बैठकीचे सामाईक शौचालय आहे, आणि म्हणून ‘सहा आठवडे पायावर भार देऊ नका’ ही सूचना त्याला पाळताच येणार नाही. ही माहिती मिळाल्यावरच घरी पाठवण्याचे नियोजन खऱ्या अर्थाने सुरू होते : कुबड्या, शौचाची सोय, मुकादमाला द्यावयाचे प्रमाणपत्र, तपासणीला परत येण्याचा खर्च. या गोष्टी पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत, त्या रुग्णाकडूनच शिकाव्या लागतात.

म्हणून व्यक्तिकेंद्री अभ्यासक्रमाची पहिली अट अशी मांडावी लागते की अगदी पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याच्या वॉर्डातील तासांचा ठरावीक भाग नेमून दिलेल्या थोड्या रुग्णांबरोबर सलग जावा, आणि शक्य तेथे तोच रुग्ण बाह्यरुग्ण विभागापासून घरापर्यंत पाहता यावा. सामुदायिक आरोग्य परिचर्या या विषयात विद्यार्थी वस्त्यांमध्ये जातातच. रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाला त्याच्या घरी जाऊन भेटणे या तासांतच बसवता येईल. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून ‘केअर प्लॅन’ लिहून घेतला जातो, ज्यात रुग्णाची पाहणी, त्याच्या गरजेचे निदान, नियोजन, कृती आणि मूल्यमापन अशा पाच पायऱ्या असतात. ही पद्धत मुळात रुग्णाला समजून घेण्यासाठी निघाली. पण छापील वाक्ये उतरवून ती पूर्ण करता येते, आणि मग कोणत्याही मधुमेहाच्या रुग्णाला लागू पडेल असा कागद तयार होतो. केअर प्लॅनमध्ये रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली अडचण आणि त्याला काय हवे आहे हे दोन रकाने सक्तीचे करणे हा खर्चाशिवाय होणारा बदल आहे, आणि तो कोणत्याही विद्यापीठाने उद्यापासून करावा असा आहे.

व्यक्तीला तिच्याच शब्दांत ऐकायचे म्हटले की भाषेचा प्रश्न समोर उभा राहतो, आणि बेंगळुरूत तो टाळता येत नाही. येथील नर्सिंग महाविद्यालयांत केरळ, ईशान्य भारत आणि पूर्वेकडील राज्यांतून विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात, तर सरकारी रुग्णालयांतील रुग्ण कन्नड, दख्खनी उर्दू, तमिळ, तेलुगू आणि काही प्रमाणात मराठी बोलणारे असतात. वर्गातील भाषा इंग्रजी, वसतिगृहातील भाषा मलयाळम किंवा मणिपुरी, आणि खाटेवरील भाषा कन्नड, अशा तीन थरांत विद्यार्थिनी वावरते. राष्ट्रीय नियमावलीत पहिल्या सत्रात संवादात्मक इंग्रजी हा विषय आहे, पण स्थानिक भाषेला तसे स्वतंत्र विषयाचे स्थान नाही. वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ पासून लागू झालेल्या पायाभूत शिक्षणात स्थानिक भाषेचा समावेश केला गेला, हे लक्षात घेता, रुग्णाजवळ डॉक्टरपेक्षा कितीतरी जास्त वेळ असणाऱ्या परिचारिकेला ती सोय नसावी हे समर्थनीय नाही. वेदना कोठे आहे, कशी आहे, ठणकते की जळजळते, रात्री झोप लागते का, घरी कोण आहे, कशाची भीती वाटते, एवढे प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारता येणे आणि त्यांची उत्तरे समजणे ही परिचर्येची मूलभूत क्षमता आहे, आणि तिचे प्रशिक्षण शिरेतून औषध देण्याच्या प्रशिक्षणाइतक्याच गांभीर्याने व्हायला हवे. हाच प्रश्न बेळगावात उलट्या बाजूने येतो. तो जिल्हाही याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहे, आणि तेथील रुग्णालयांत मराठी बोलणारे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कन्नडबरोबर कामापुरती मराठी येणे ही भाषिक राजकारणाची बाब नसून रुग्णाच्या सुरक्षिततेची बाब आहे. औषधाची मात्रा समजली नाही तर नुकसान रुग्णाच्या शरीराचे होते.

पाश्चात्त्य आराखड्यांतील एक गृहीतक मात्र येथे तसेच्या तसे घेता येत नाही. त्यांत व्यक्ती ही बहुधा एकटी, स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी अशी कल्पिलेली असते, आणि भारतीय रुग्णालयात ती क्वचितच एकटी असते. खाटेजवळ आई, बहीण, मुलगा किंवा शेजारी बसलेला असतो. औषधे आणणे, जेवण भरवणे, रात्री जागणे ही कामे तोच करतो. जयनगरपासून जवळ असलेल्या निम्हान्समध्ये मानसिक आजाराच्या उपचारात कुटुंबाला सहभागी करण्याची जुनी परंपरा आहे. त्याच बेंगळुरूत नारायणा हेल्थ या रुग्णालयात स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून नूरा हेल्थ ही संस्था उभी राहिली, जिच्या कार्यक्रमात वॉर्डातील परिचारिका रुग्णाच्या नातेवाइकांना एकत्र बसवून जखमेची निगा, हात धुणे, व्यायाम, औषधांच्या वेळा आणि धोक्याची लक्षणे शिकवतात, आणि जो पुढे अनेक राज्यांच्या सरकारी रुग्णालयांत पोचला. हृदयशस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या माणसाची काळजी प्रत्यक्षात त्याची बायको किंवा सून घेणार असते, ही साधी वस्तुस्थिती या कार्यक्रमाने शिक्षणाचा विषय केली. आरोग्यशिक्षण देणे हे नर्सिंगच्या विद्यार्थ्याचे नेहमीचे काम आहे, पण ते अनेकदा भिंतीवर तक्ता लावून केलेल्या भाषणापुरते राहते. नातेवाइकाने शिकलेली गोष्ट स्वतः करून दाखवली की नाही, हे त्याचे मोजमाप असायला हवे.

कुटुंब जवळ असणे याची दुसरी बाजूही आहे आणि अभ्यासक्रमाने तिच्याकडे डोळेझाक करू नये. रुग्णाला निदान सांगू नका, अशी विनंती नातेवाईक करतात. स्त्री रुग्णाऐवजी तिचा नवरा किंवा सासू उत्तरे देते. वृद्ध माणसाच्या उपचाराचे निर्णय त्याला न विचारता होतात. कुटुंबाला मान देत असतानाच रुग्णाचा स्वतःचा आवाज कसा ऐकावा, हे परिचर्येतील सर्वांत अवघड कौशल्यांपैकी एक आहे, आणि आता त्याला कायद्याचीही बाजू आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत याची लेखी पूर्वसूचना देण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या आरोग्य विभागाने, बरे होण्याची आशा न उरलेल्या रुग्णाच्या बाबतीत आयुष्य लांबवणारे उपचार थांबवण्याची प्रक्रिया घालून देणारा आदेश काढला. असे निर्णय वैद्यकीय मंडळे घेतील हे खरे, परंतु मध्यरात्री ‘मला आता घरी जायचे आहे’ हे वाक्य रुग्ण ज्या माणसाला सांगतो ती व्यक्ती बहुधा परिचारिका असते, आणि ते वाक्य नोंदवायचे, कळवायचे की विसरून जायचे हे तिला शिकवलेले असले पाहिजे. बेंगळुरूतील करुणाश्रय हे विनामूल्य सेवाकेंद्र कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांची परिचर्या गेली अनेक वर्षे करीत आहे. अशा ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याचे काही दिवस जाणे हा पॅलिएटिव्ह केअरच्या घटकाचा अविभाज्य भाग व्हावा, कारण जेथे बरे करणे शक्य नसते तेथेच परिचर्येचे स्वतःचे मूल्य स्पष्ट दिसते.

आता परीक्षेकडे वळले पाहिजे, कारण विद्यार्थी परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकतात. डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘ऑस्की’ नावाची प्रात्यक्षिक परीक्षा आज भारतीय नर्सिंगमध्येही वापरली जाते. तीत विद्यार्थी ठरावीक मिनिटांच्या अनेक टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यावर परीक्षक एका यादीप्रमाणे गुण देतो. ही पद्धत न्याय्य आहे, कारण सर्वांना एकच प्रश्न आणि एकच निकष मिळतो, आणि हात धुणे, औषध तपासणे, निर्जंतुकता राखणे यांसारख्या गोष्टी तिने चोख मोजता येतात. तिचा धोका असा की ‘रुग्णाला नाव विचारले’, ‘प्रक्रिया समजावली’, ‘संमती घेतली’ या ओळीही यादीत येतात आणि विद्यार्थी त्या तोंडपाठ म्हणून गुण मिळवतो. यावर एक उपाय म्हणजे रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला (अशा व्यक्तींचा वापर हॉवर्ड बॅरोज यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत सुरू केला) स्वतःचे गुण देऊ देणे : माझे म्हणणे ऐकले गेले असे मला वाटले का, या एका प्रश्नाचे. दुसरा उपाय अधिक सरळ आहे. विद्यार्थ्याने ज्या खऱ्या रुग्णांची परिचर्या केली, त्यांचे आणि त्यांच्या नातेवाइकांचे मत वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनात धरावे. रुग्णाच्या मतावर विद्यार्थ्याचे उत्तीर्ण होणे अवलंबून ठेवणे योग्य नाही, रुग्णावर तसे दडपण येणेही योग्य नाही. पण त्याच्या मताला शून्य किंमत देणारी मूल्यमापन पद्धत स्वतःला व्यक्तिकेंद्री म्हणवून घेऊ शकत नाही.

याच न्यायाने, अभ्यासक्रम आखणाऱ्या समित्यांमध्येही रुग्ण असायला हवेत. ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची मान्यता मिळवताना सेवा घेणाऱ्या लोकांचा आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचा सहभाग दाखवावा लागतो. भारतात अभ्यास मंडळांवर प्राध्यापक आणि प्रशासक असतात. दीर्घकाळ डायलिसिस घेणारा रुग्ण, मतिमंद मुलाची आई, मनोरुग्णाचा भाऊ, यांना वर्षातून दोन बैठकांना बोलावून ‘परिचारिकेने काय केले तेव्हा बरे वाटले आणि काय केले तेव्हा अपमान वाटला’ हे विचारण्यास कोणताही नियम आड येत नाही. जयनगरच्या विद्यापीठाला तर त्यासाठी दूर जावे लागणार नाही.

अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी असलेली दुसरी व्यक्ती म्हणजे स्वतः विद्यार्थी. सतरा-अठरा वर्षांची मुलगी घरापासून हजार-दोन हजार किलोमीटर दूर येते, अनेकदा कुटुंबाने कर्ज काढलेले असते, आणि काही महिन्यांतच ती उघडी जखम, मलमूत्र, नग्न शरीर आणि मृत्यू पाहते. पहिला मृत्यू पाहिल्यानंतर तिच्याशी कोणी बोलले नाही, तर ती दोनपैकी एक गोष्ट शिकते : कोसळणे किंवा काहीच न वाटू देणे. दुसरी गोष्ट व्यवसायात अधिक सोयीची असल्याने तीच रुजते, आणि पुढे तिला आपण कठोरपणा म्हणतो. मॅककॉर्मॅक आणि मॅककान्स यांच्या आराखड्यात स्वतःला ओळखणे ही परिचारिकेच्या तयारीची अट मानली आहे, आणि ती ओळख एकट्याने होत नाही. आठवड्यातून एकदा आठ-दहा विद्यार्थी आणि एक शिक्षक यांनी बसून त्या आठवड्यात वॉर्डात काय घडले, काय जड गेले, कोठे चूक झाली यावर बोलणे, आणि त्या बोलण्याला गुण न देणे, एवढी साधी व्यवस्था पुष्कळ काही साधू शकते. वॉर्डात सर्वांसमोर विद्यार्थिनीला अपमानित करणे, वसतिगृहातील शिस्त आणि व्यावसायिक शिस्त यांची गल्लत करणे, प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट ठरवणे, या रीती जेथे आहेत तेथे संवादकौशल्याचा तास निरर्थक आहे; कारण अधिकार असलेला माणूस अधिकार नसलेल्या माणसाशी कसा वागतो, हे त्या विद्यार्थिनीने स्वतःवरच अनुभवलेले असते, आणि वॉर्डात तिच्यापेक्षा कमी अधिकार असलेला एकच माणूस असतो, तो म्हणजे रुग्ण.

या सर्व मागण्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही : जेथे एका पाळीत एका परिचारिकेकडे तीस-चाळीस रुग्ण असतात, तेथे व्यक्तिकेंद्री परिचर्येला वेळ कोठून आणावा? परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे आणि प्रत्यक्ष स्थिती त्यापासून फार दूर आहे. हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र वेगळा आहे. मनुष्यबळ कमी असल्यामुळे रिकाम्या जागा भरण्यासाठी विद्यार्थ्यांचा वापर होतो, आणि शिकण्याचे तास बिनपगारी ड्यूटीत विरघळतात. त्यामुळे भरती हा अभ्यासक्रमाबाहेरचा विषय आहे असे विद्यापीठाने म्हणणे चुकीचे आहे. ज्या रुग्णालयात किमान परिचारिका नाहीत तेथे विद्यार्थी पाठवू नयेत, आणि नव्या महाविद्यालयाला संलग्नता देताना इमारत व प्रयोगशाळा यांच्याआधी वॉर्डातील परिचारिकांची हजेरी तपासावी. राष्ट्रीय परिचर्या व सुईण आयोग कायदा, २०२३ ने जुन्या परिषदेच्या जागी नवी नियामक व्यवस्था आणण्याची तरतूद केली आहे. नवा आयोग अभ्यासक्रमाचे पुढील रूप ठरवेल तेव्हा स्थानिक भाषेला श्रेयांक, रुग्णनिहाय कामवाटप, रुग्णांचा अभ्यास मंडळांवरील सहभाग आणि पुरेशा मनुष्यबळाशी जोडलेली संलग्नता, या चार गोष्टी त्याच्यासमोर ठामपणे मांडल्या गेल्या पाहिजेत. त्या मांडण्याची जबाबदारी जयनगर आणि नाशिक येथील दोन्ही विद्यापीठांची आहे, आणि ज्यांच्या घरातले कोणी ना कोणी कधीतरी रुग्णालयाच्या खाटेवर असणार आहे अशा नागरिकांनी ती पार पाडण्याची मागणी त्यांच्याकडे करावी.